दोन च

आमच्या लिपीत दोन च आहेत.
एक कठीण, फरशीवर टाच आपटावी तसा.
दुसरा मऊ, ओली काडी मोडताना
जेमतेम वाजते, तसा.
चाचाकच्या शाळेत आम्ही ते रोज चुकवायचो
आणि ग्रुबाच मास्तर रोज सुधारायचे
हिरव्या शाईने,
न चिडता.
“नाव नीट लिहावं,” म्हणायचे,
“माणसाचं दुसरं असतं काय?”

एप्रिलात बेलग्रेडवर बॉम्ब पडले.
शरदात मास्तर मंत्री झाले.
कुणीतरी व्हायलाच हवं होतं, असं तेच म्हणाले,
नाहीतर नकाशावर देशाचा डागसुद्धा उरणार नाही.
मला बोलावून घेतलं, माझी बोटं झरझर चालत म्हणून.
मी गेले.
घरी आई, दोन धाकटे, आणि थंड शेगडी.
हे कारण म्हणून सांगत नाही.
शेगडी होती, एवढंच सांगते.

बोस्नियातून पळून आलेल्या पोरांसाठी
त्यांनी बूट मिळवले. चारशे जोड.
मीच मोजले.
हेही लिहून घ्या.
रोज अकराला चहा, साखरेचा एक खडा,
अर्धा मोडून माझ्या बशीत.

एका शिपायामागे शंभर माणसं.
भाव भिंतीवर लावलेला असे,
बाजारात बटाट्याचा लावतात तसा.
जर्मन कचेरी फक्त आकडा पाठवी.
नावं आमची.

डिसेंबरात एकदा, त्रेचाळिसाव्या ओळीवर:
बोचिच, ओब्राद. छापखान्यात जुळारी. वय सव्वीस.
माझ्याच वर्गातला.
दप्तरात सुकवलेली आलुबुखारं आणायचा,
मोजून वाटायचा,
स्वतःला एक कमी.

त्याच्या नावाचा शेवटचा च मऊ.
मी कठीण दाबला.

बोट घसरलं, असं मी पुढं चाळीस वर्षं सांगितलं.
घसरलं नव्हतं.
बान्यित्साच्या फाटकावरचा कारकून
यादी नि वही ताडून पाहतो, असं ऐकलं होतं.
अक्षर जुळलं नाही तर म्हणेल,
असा इसम इथं नाही, पुढचा.
मूर्ख आशा. एका कळीएवढी.
मोठ्यानं वाचलं तर कानाला कळतही नाही
अशा फरकावर
मी एक अख्खा माणूस टांगला होता.

मास्तर सही करायला बसले.
शाळेतल्यासारखंच, बोट ओळीखाली ठेवून वाचत आले
आणि त्रेचाळीसवर थांबले.
बाहेर ट्राम गेली. काचा थरथरल्या.
“हा निबंध चांगले लिहायचा,” म्हणाले.
“गारपिटीवर एक लिहिला होता. आठवतो?”
मी मान हलवली. होय की नाही,
माझं मलाच कळलं नाही.

मग त्यांनी टोपण काढलं.
मला वाटलं, आता आडवी रेघ.
एक रेघ, बोटभर,
आणि ओब्राद संध्याकाळी घरी.

त्यांनी च मऊ केला.
हिरव्या शाईने, सुबक,
समासात छोटीशी खूण.
निब पुसलं. खाली सही केली:
ग्रुबाच, शेवटचा च कठीण, बिनचूक.
“इतकी वर्षं झाली,” मला म्हणाले,
“अजून चुकतेसच.”

तिरस्कार दिसला का, असं नंतर चौकशीत विचारलं.
नाही साहेब. तेच तर.
तिरस्कार असता
तर पकडायला काही मिळालं असतं.

चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात ते एका सुटकेसनिशी गेले.
दौत टेबलावरच राहिली, तळाशी वाळलेली.
नवे लोक आले. त्यांच्याही याद्या होत्या.
यंत्र तेच. बोटं माझीच.

पुढं पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात
मी मुद्रितं तपासली, सव्वीस वर्षं.
कामात चोख, असा शेरा आहे.
फक्त दर पुस्तकात, मधल्या कुठल्यातरी पानावर,
एक चुकीचा च
मी तसाच जाऊ दिला.
कुणी दाखवलाच
तर म्हणायची,
डोळे अधू झालेत हो.